ठेवणीतली शार्डोने

भर मे महिन्यात घाटकोपरला मेट्रोत चढताना जिच्या हातात लोकरीचा स्वेटर असतो, ती नंदा पगारे. रोजच्या डब्यातल्या बायकांनी तिला कधीच वेड्यात काढून ठेवलं होतं. मरोळ नाक्याला उतरायचं, औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यापर्यंत घाम पुसत चालायचं आणि गाळ्याचं जाड दार उघडलं की स्वेटर चढवायचा, हा तिचा पाच वर्षांचा नेम होता. आत बारा महिने तेरा अंश. बाहेर माणसं उकडून निघत होती आणि आत वाइन सुखाने आडवी पडलेली होती.

गाळा दिंडोरीकडच्या एका वाइन कंपनीचा होता. नंदा तिथली स्टोअरकीपर. दिवसातून तीनदा तापमान लिहायचं, बाटल्या आडव्याच आहेत ना ते बघायचं, एखाद्या बुचातून पाझर फुटलाय का ते हात फिरवून बघायचं आणि हॉटेलांच्या गाड्या आल्या की खोकी काढून द्यायची. स्वतः तिने आयुष्यात थेंब चाखला नव्हता. दर रविवारी ती विहारात वंदनेला बसायची आणि पाचवं शील म्हणायची, की मद्याला शिवणार नाही. वाइन म्हणजे दारू नव्हे, असं कंपनीची माणसं तिला हसून सांगत. नंदाला ते कधी पटलं नाही, आणि सांगणाऱ्यांनाही संध्याकाळी सातनंतर पटत नसावं.

तिचा थोरला भाऊ नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. नंदा आणि तिची मुलगी शीतल त्याच्याच घरी राहत. नाना विहारात चारचौघांत म्हणायचा, "आमची नंदा रविवारी शील घेते आणि सोमवारी दारूला पांघरूण घालायला जाते." लोक हसत, नंदाही हसायची. पोरीचं शिक्षण त्याच पांघरुणावर चाललं होतं, हे नानालाही माहीत होतं.

ही नोकरी तिला मिळाली ती नवरा गेला म्हणून. धम्मपाल पगारे कंपनीच्या बागेत मुकादम होता. तो गेल्यावर कंपनीने तिला विचारलं, मुंबईला येता का. भाऊ घाटकोपरला, गोदाम मरोळला. ती आली. आणि ती आल्यावर दोन महिन्यांनी, जणू तिच्या मागोमाग यावं तशा, त्या दोनशे सोळा बाटल्या आल्या.

त्या बाटल्या गाळ्याच्या अगदी शेवटच्या रांगेत होत्या. त्यांना लेबल नव्हतं, नुसतं खडूने फळीवर लिहिलेलं होतं: शार्डोने, वरची बाग. गाडीतून त्या उतरवून घेतल्या तेव्हा वाइन बनवणारी अनुपमा स्वतः आली होती. तिने नंदाला समजावलं, की बहुतेक पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायची असते, त्यापुढे ती उतरते. पण एखाद्या वर्षाची अशी निघते की ती ठेवावी लागते. पाच वर्षं, दहा वर्षं. ठेवली की ती आतल्या आत भरत जाते. नंदा म्हणाली, म्हणजे ठेवणीतली. अनुपमा म्हणाली, हो, ठेवणीतलीच.

ठेवणीतलं म्हणजे काय, हे नंदाला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्नातला निळा शालू तिने तसाच ठेवला होता. ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून, सहा महिन्यांनी काढून, घडी मोडून, वारा-उजेड दाखवून परत आत. ठेवणीतल्या वस्तूला विसरायचं नसतं, मधूनमधून तिला उजेडात आणायचं असतं.

आता त्या वर्षाचं सांगितलं पाहिजे, कारण बाटलीत दुसरं काहीच नव्हतं, ते वर्षच होतं.

एप्रिलात बागेची खरड छाटणी झाली. जुन्या काड्या खरडून वेल बोडके केले. उन्हाळाभर नव्या काड्या पोसल्या. फळ येतं ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, आणि ती छाटणी सगळा मुलूख दसऱ्याच्या आगेमागे उरकतो. त्या वर्षी मात्र पाऊस परत जायचं नाव घेईना. मालक म्हणाला, तारीख झाली, छाटणी घ्या. खालच्या सगळ्या बागा छाटल्या गेल्या. धम्मपालने वरची, टेकाडावरची दोन एकर शार्डोने द्राक्षांची बाग तेवढी ठेवली. मालकाला त्याने तोंडावर सांगितलं, की पावसाचं पोट अजून रिकामं झालेलं नाही, ही बाग मी छाटणार नाही. मालक चिडला. आसपासचे बागायतदार हसले, की मुकादमाला आता वेधशाळा उघडून द्या.

बावीस दिवस तो थांबला. दिवाळी पावसात गेली. खालच्या बागा नेमक्या फुलोऱ्यात सापडल्या. पानांवर डावणी रोग आला, घड जागच्या जागी कुजून गळून पडले. ज्यांनी धम्मपालची टिंगल केली होती ते बांधावर डोकं धरून बसलेले नंदाने पाहिले. वरच्या बागेत तेव्हा नुसते डोळे फुटत होते. कोवळ्या फुटीला सांभाळायचं तर दोन सरींच्या मध्ये फवारणी करावी लागायची. धम्मपाल खांद्यावर घोंगडी टाकून जायचा आणि चिंब होऊन यायचा. ती घोंगडी नंदा दाराआड टांगायची. महिनाभर ती वाळलीच नाही. घराला ओल्या लोकरीचा असा काही वास लागला, की नंदा त्याच्याशी भांडायची, की एक तर ती बाहेर टांग, नाहीतर तू बाहेर नीज. तो हसायचा आणि घोंगडीसकट आत यायचा.

पाऊस गेला, घड धरले. वाटलं, सुटलो. मग जानेवारीत थंडी पडली. पारा चारावर आला. एवढ्या थंडीत मणी तडकतात, काळे पडतात. त्याला तिकडे एकच उपाय करतात, ओळींच्या मधोमध शेकोट्या पेटवायच्या आणि पहाटेपर्यंत धग धरून ठेवायची. धम्मपालने ट्रॉलीत छाटणीच्या वाळक्या काड्या आणि भुसा भरला आणि तिन्हीसांजेला ट्रॅक्टर काढला. शेकोट्या रचून तासाभरात परततो म्हणाला. त्या दिवशी गावात वीज नव्हती. बागेत वीज नव्हती, पंपाच्या खोलीवर नव्हती, बांधावर तर कधीच नसते. ट्रॅक्टर बांधावरून उलटला. माणसं शोधायला गेली ती मोबाइलच्या उजेडात चुकीच्या ओळींमधून फिरली. तो सापडला तेव्हा फटफटलं होतं. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जिवंत असावा. एकही शेकोटी पेटलेली नव्हती.

थंडी काही त्याच्यासाठी थांबली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नंदा स्वतः वस्तीतल्या बायका घेऊन वर गेली आणि त्याच काड्यांच्या शेकोट्या तिने पेटवल्या. आठवडाभर पेटवल्या. मार्चात तोडणी झाली तेव्हा पीक चौथ्या हिश्श्यावर आलं होतं. मणी बारके, पण अनुपमाने एक तोंडात टाकला आणि लगेच दुसरा तोडला. नंदा कात्री घेऊन शेजारीच उभी होती. तोंडावरून तिला कळलं, की काहीतरी वेगळं झालंय. त्या द्राक्षांची वाइन वर्षभर ओकच्या पिंपात राहिली आणि मग त्या दोनशे सोळा बाटल्यांत भरली गेली. त्यांतली नव्हे, पण त्याच पिंपातली आणखी एक बाटली अनुपमाने नंदाच्या हातात दिली, घरी ठेवा म्हणून. नंदाने ती शालूच्या ट्रंकेत ठेवून दिली. मग अनुपमा परदेशी नोकरीला गेली. मालकाचा हुकूम होता, ती परत येईपर्यंत वरच्या बागेच्या बाटल्यांना हात लावायचा नाही.

आता दिव्याचं. गाळ्याच्या दाराजवळ पाटी होती: काम झाल्यावर दिवे बंद करावेत. पाटीखाली कुणीतरी 'वीज वाचवा' असं स्टिकर डकवलेलं होतं. नंदा रोज सहा वाजता सगळे दिवे बंद करायची आणि दार लावायच्या आधी एकदा वळून बघायची. त्या बाटल्या आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला ते जमेना. तेरा अंशांचा गारठा, मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात टोकाला वरची बाग. तिला वाटलं, हे तर तेच झालं. तेव्हा बांधावर एक दिवा असता तर. त्या दिवशी तिने शेवटच्या रांगेवरची जुनी ट्यूबलाइट चालू ठेवली. दुसऱ्या दिवशीही ठेवली. मग ती कधी बंदच केली नाही. शनिवार-रविवार नाही, विहारातल्या जयंतीच्या सुट्टीला नाही. ट्यूब गेली की इलेक्ट्रिशियनला सांगून तशीच नवी बसवून घ्यायची. एवढ्याशा विजेने कंपनीचं काय बुडतंय, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. कुणाला पत्ताही लागला नाही, कारण कुणीही आत आलं की दिवे लावूनच येणार, आणि लागलेल्या दिव्यांत एक आधीपासून लागलेला कोण ओळखतो.

बाटल्या पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या काचेच्या होत्या. अनुपमाला हिरव्या हव्या होत्या. पण मुंबईच्या ऑफिसात विक्री बघणारा हर्षद अडून बसला, की एवढा सोनेरी रंग आलाय तो दिसला पाहिजे, गिऱ्हाईक आधी रंगावर भाळतं. अनुपमा म्हणाली, ठीक आहे, पण मग काळोखात ठेवा. हे बोलणं ऑफिसात झालं. गोदामापर्यंत त्यातली फक्त पाटी पोचली.

या फेब्रुवारीत अनुपमा परत आली. तिने फोनवर नंदाला सांगितलं, की बाटल्या उघडून बघायची वेळ झाली, आणि तिने मालकाकडून एक गोष्ट कबूल करून घेतली आहे. वाइन चांगली निघाली तर मागच्या लेबलवर एक ओळ जाईल: ही बाग धम्मपाल पगारे यांनी राखली.

नंदाने फोन ठेवला. धम्मपालची नोकरी मुकादमाची, त्याचं नाव हजेरीपुस्तकाखेरीज कुठे लागलेलं नव्हतं. बागेसाठी तो गेला हे वस्तीला माहीत होतं, पण वस्तीबाहेर ती एक ट्रॅक्टर उलटल्याची बातमी होती, चार ओळींची. आता कुणीतरी छापून सांगणार होतं की त्याचं बरोबर होतं.

नाना मात्र उखडला.

"दारूच्या बाटलीवर धम्माचं नाव? नंदे, तुला काही वाटतं का?"

"त्याने बाग राखली, नाना. बाटलीत लोकांनी भरली."

दोन दिवस नाना तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, अक्षर बारीक ठेवायला सांग. आणि शीतल हात धुवायला उठल्यावर हळूच म्हणाला, एक लेबल सुटं मिळालं तर आण, डायरीत ठेवतो.

ठरल्या दिवशी नंदा लग्नातला निळा शालू नेसली आणि त्यावर स्वेटर चढवला. गाळ्याच्या पुढच्या खोलीत टेबलावर ग्लास मांडले. हर्षद लेबलांचा रोल घेऊनच आला होता, इतकी त्याला खात्री. नंदाने रोलचं टोक उलगडून ओळ वाचली. नाव बरोबर लिहिलं होतं. तिने आतून तीन बाटल्या आणल्या, लेकरू आणावं तशा आडव्या, हातावर धरून.

अनुपमाने पहिलं बूच काढलं. बूच झकास होतं. ग्लासात ओतलेला रंग खिडकीच्या उजेडात असा चमकला, की हर्षदने लगेच फोटो काढला. अनुपमाने ग्लास नाकाशी नेला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. तिने ग्लास फिरवला, परत हुंगला, घोट घेऊन थुंकला. मग दुसरी बाटली उघडली. मग तिसरी.

"ओली लोकर," ती शेवटी म्हणाली. "भिजलेल्या घोंगडीसारखा वास येतोय."

नंदाने विचारलंही नाही, सरळ ग्लास उचलून नाकाशी धरला. आणि खरंच तो होता. दाराआड टांगलेली घोंगडी, पावसातून आलेला माणूस, फवारणीचा पंप, बोलणी खाऊन हसत आत येणारा. त्याचा चेहराही इतका स्वच्छ तिला वर्षानुवर्षं आठवला नव्हता. तिला वाटलं, ठेवणीतली म्हणतात ती हीच. सहा वर्षं वाइनने त्याला सांभाळून ठेवलं.

"ह्यांचाच वास आहे, मॅडम," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "बरोबर उतरलंय."

अनुपमाने तिच्या हातातून हळूच ग्लास काढून घेतला. "नंदाताई, वाइन बिघडली आहे."

मग जे बोलणं झालं ते अनुपमा आणि हर्षद या दोघांत झालं. नंदा उभीच होती. अनुपमा हर्षदला सांगत होती, की लोकर आणि उकडलेला कोबी, असा वास दोन गोष्टींनी येतो. एक म्हणजे प्रकाश, पांढऱ्या काचेतून आत गेला तर. पण ही इथे काळोखात होती, तेव्हा ते नाही. दुसरं म्हणजे गंधक. बागेत गंधकाची फवारणी बेसुमार झाली असेल तर ते मण्यांवर राहतं, वाइनमध्ये उतरतं आणि वर्षांनी असं वर येतं. हर्षद म्हणाला, मग तेच असणार, त्या पावसाळ्यात मुकादमाने घाबरून वाटेल तसं मारलं असेल. त्याने रोल उचलून परत पिशवीत टाकला. वर म्हणाला, बरं झालं आधी उघडून बघितलं, नाहीतर ज्याने वाट लावली त्याचंच नाव छापून बसलो असतो.

नंदाला माहीत होतं, की धम्मपाल तोडणीच्या पन्नास दिवस आधी गंधक बंद करायचा. कॅलेंडरवर तो दिवस तो लाल पेनाने गोल करून ठेवायचा. त्या वर्षीचा गोल तो जाण्याच्या आदल्या आठवड्यातला होता. पण कॅलेंडर कुठलं दाखवणार? आणि दुसरी गोष्ट, प्रकाश. तो शब्द ऐकल्यापासून ती आतल्या दाराकडे बघत होती.

गप्प बसली असती तर काही झालं नसतं. मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही. शीतलचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष होतं. घरी जाऊन नानाला सांगायचं, की जमलं नाही, आणि उद्या परत स्वेटर घेऊन मेट्रोत चढायचं. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. नंतर तिला त्याचीच जास्त लाज वाटली.

"दिवा मी चालू ठेवत होते," ती म्हणाली.

अनुपमाने विचारलं, कुठला दिवा.

"त्यांच्यावरचा. मागची ट्यूब. पाच वर्षं बंद केली नाही मी."

हर्षद म्हणाला, पाटी समोर आहे ना. नंदा म्हणाली, मला वाटलं, विजेसाठी आहे. अनुपमा उठून आत गेली. ती बराच वेळ शेवटच्या रांगेत उभी राहिली आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. पण हर्षदला पटेना. तो म्हणाला, नवऱ्याचं नाव राखायला ही बाई आता काहीही अंगावर घेईल. अनुपमाने नंदाकडे बघितलं. तिलाही क्षणभर तसंच वाटलं असावं, कारण ती हळू आवाजात म्हणाली, नंदाताई, खरं सांगा. नंदाला यापेक्षा मोठा अपमान आठवत नव्हता. गुन्हा केला होता, कबूलही केला होता, आणि तोही कुणी पदरात घेईना.

तेव्हा तिला ट्रंकेतली बाटली आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शीतलने ट्रंक ओढून काढली. शालूच्या जागेखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती, जशीच्या तशी. सहावा उन्हाळा तोंडावर आला होता, पत्र्याची ट्रंक, वरच्या मजल्याची खोली. उजेड तिला कधी लागला नव्हता. नाना दारात उभा होता. काय झालं ते त्याला रात्रीच कळलं होतं. आता तो एवढंच म्हणाला, "नीट धर. मेट्रोत गर्दी असते."

अनुपमाने ती बाटली कागदातून काढली तेव्हा आतला रंग काकवीसारखा झालेला होता. बूच वर सरकलं होतं. हर्षदने तोंड वाकडं केलं. अनुपमाने ओतली, हुंगली, डोळे मिटून परत हुंगली. घोट घेतला आणि यावेळी थुंकायला तिने उशीर लावला.

"उकडली आहे," ती म्हणाली. "करपलेल्या बेदाण्यांसारखी झालीय. पण लोकर नाही. कोबी नाही. गंधकाचा लवलेश नाही." मग हर्षदकडे वळून तिने सांगितलं, की दोष बागेचा असता तर या बाटलीतही असता. मुकादमाने काहीही चुकीचं मारलेलं नाही. हे लिहून देते मी.

म्हणजे धम्मपाल सुटला. ज्या बाटलीने त्याला सोडवलं तिनेच नंदावर शिक्का मारला. हे तिला हवंच होतं. तिने एकच विचारलं, जे विचारायला ती सहा वर्षं थांबली होती.

"चांगली होती का, मॅडम?"

अनुपमाला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "इतकी उकडूनसुद्धा खाली अजून आंबट धार शिल्लक आहे. अशी वाइन मी आपल्याकडे दुसरी बघितली नाही. अजून दहा वर्षं टिकली असती."

नंदाने मान हलवली. एका ठिकाणी गारवा होता, काळोख नव्हता. दुसऱ्या ठिकाणी काळोख होता, गारवा नव्हता. दोन्ही ठिकाणी ठेवणारी तीच होती. त्याने वाचवलेली ती दोन एकर आता जगात कुठेही, कुणाच्याही जिभेवर उतरणार नव्हती, आणि लेबल नव्हतं म्हणजे ओळही नव्हती. हर्षदने जाता जाता सुचवून बघितलं, की बर्फगार करून एखाद्या लग्नात दिली तर कुणाच्या लक्षात येणार नाही. अनुपमाने त्याला पुढे बोलू दिलं नाही. सगळ्या ओतून टाकायच्या, ती म्हणाली. नोकरीचं नंतर बघू, असंही म्हणाली, आणि तिने नंदाच्या खांद्यावर हात ठेवला. नंदाला तो हात सोसवेना.

ओतायचं काम अर्थात स्टोअरकीपरचं. दुपारी सगळे गेल्यावर नंदाने शेवटच्या रांगेजवळची मोरीची जाळी काढली आणि बुचं काढायला बसली. पहिली बाटली ओतली. दुसरी ओतली. दहा-बारा झाल्या असतील, तेव्हा तिने मान वर करून ट्यूबकडे बघितलं, उठली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिने ते बटण बंद केलं. दाराच्या फटीतून जेमतेम हात दिसतील एवढा उजेड येत होता.

काळोखात वास वाढत गेला. आधी मोरीपाशी होता, मग रांगभर झाला, मग गाळाभर. ओली घोंगडी, दाराआड टांगलेली. तो अगदी मागे येऊन उभा राहिल्यासारखा वास होता, बोलणी खायला तयार. वळून बघायचं तिने टाळलं. पाचवं शील तिने आजवर मोडलं नव्हतं, आजही मोडलं नाही. ती नुसती श्वास घेत राहिली आणि ओतत राहिली, कारण थांबली असती तर तिला आणखी एक दिवस तो तिथे ठेवावासा वाटला असता.

बाटल्या अजून बऱ्याच उरल्या होत्या.